मेकफाइलमधली राहिलेली ओळ

हैदराबाद,
शनिवार, ८ जून

अक्कास सत्यवेणीचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. गोंगुऱ्याच्या पाल्याची पच्चडी पाठवते आहे, खायची तर खा. माझा फोन तू घेत नाहीस, म्हणून सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी देते आहे.

सूनबाई उठून बसते का? नातवाचं वजन वाढलं? तुझ्या लेकाने, सुरीने, ऊबपेटीतल्या बाळाचा फोटो आमच्या हारिकाला पाठवला. खाली लिहिलं, "बघ, तुझ्याच कंपनीचं मशीन." पोरगी जेवत होती, ताटावरून उठली.

आता नीट वाच. त्या मशीनच्या आतला प्रोग्राम तुकड्यातुकड्यांनी बनतो. कोणता तुकडा कशापासून बनतो, हे एका फाइलीत लिहायचं. तिला मेकफाइल म्हणतात. जे बदललं, त्याच्यापासून होणारं तेवढंच नवं बनतं. डाळ बदलली तर सांबार परत करायचं, भात कशाला परत टाकायचा, तसं. पण सांबाराला डाळ लागते हेच लिहायचं राहिलं, तर सांबार शिळंच राहणार. कंपनीतल्या एका पोरीची अशीच एक ओळ राहिली. बाळाच्या अंगावरची, ऊब मोजणारी वायर निघाली तर मशीनने ओरडायचं आणि तापवणं थांबवायचं, अशी दुरुस्ती झाली होती. ती मशीनमध्ये गेलीच नाही, जुना तुकडाच गेला. वायर निघाली तर ते गप्प राहून तापवत बसेल.

पोरीने साहेबाला सांगितलं. तो म्हणतो, सोमवारी बघू, तोवर तोंड बंद. मग तिने हॉस्पिटलात फोन लावला, तर त्यांनी नाव विचारलं. घाबरून ठेवून दिला.

मी सुरीला फोन केला. सख्ख्या मावशीला म्हणाला, "पिन्नी, तू इडल्या वाफव. मशीनचं डॉक्टर बघतील." वर हसला.

ती पोरगी म्हणजे आपली हारिका. कालपासून नुसतं पाणी पिते आहे. म्हणाली, "अम्मा, माझं नाव घेऊ नकोस." मी बरं म्हटलं, आणि तिच्यासमोरच लिहायला बसले. ती बघते आहे, अडवत नाही.

तुझ्या गृहप्रवेशाला मी तुला बोलले ते खरंच होतं, त्याची माफी मागत नाही. पण आज माझं ऐक. आत जा, वायर चिकटलेली आहे का बघ, बाळाच्या अंगाला स्वतः हात लाव. नर्सला म्हण, मशीन बदल, नाहीतर बाळ आईच्या छातीशी दे. कुणी सांगितलं विचारलं, तर हारिकाचं नाव सांग, आडनावासकट. नोकरी जाईल. जाऊ दे.

वाचत काय बसलीस, ऊठ.

तुझी धाकटी,
सत्यवेणी