लेपाखालचा डोळा

३ डिसेंबर २००३, वरंध
परत तेच! "पोरांच्या नाकातून शेंबूड नाय तर काय येनार गो?" सासूबाईंचं ठरलेलं. पण ऋत्विकची सर्दी उतरली होती. अंगणात खेळत होता. आता पुन्हा ताप, शेंबूड पिवळा घट्ट, तोंडाला वास. मी डॉक्टर नाही, पण पोर माझं आहे.

४ डिसेंबर
महाडला नेलाच. डॉक्टर म्हणाले, बरी होत आलेली सर्दी अशी उलटली, की ती साधी नव्हे. नाकाशेजारच्या पोकळ्यांत पू धरतो — सायनस. दहा दिवस सर्दी हटली नाही तरी हाच संशय घ्यायचा. औषध दिलं. वर बजावलं, डोळा सुजला तर घरी थांबू नका, तो प्रकार वाईट.

घरी येऊन सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि सहाणेवर वेखंड उगाळायला बसल्या!

६ डिसेंबर
कपाळापासून पापणीपर्यंत वेखंडाचा लेप. मी पुसते, त्या लावतात. मुंबईहून ह्यांचा शेजारच्यांकडे फोन — आईच्या मनासारखं होऊ दे. होऊ दे म्हणे! इथे येऊन बघा म्हणावं.

७ डिसेंबर
सकाळी डावा डोळा सुजलेला. लेप झोंबलाय, उतरेल, असं सासूबाईंचं म्हणणं. झोंबला असता तर दोन्ही डोळ्यांना झोंबला असता की! ओल्या फडक्याने पुसून काढलं. पापणी लालभडक, डोळा उघडेना.

त्याला कडेवर घेतलं तर सासूबाई उंबऱ्यावर बसलेल्या. "दवाखान्यात न्यायचा नाय." का, ते सांगेनात. एस.टी.ची वेळ झालेली.

मोठ्या माणसाला ओलांडू नये, मलाही शिकवलंय. ओलांडलं!

८ डिसेंबर
महाडलाच दाखल करून घेतलंय. सलाईन, इंजेक्शनं. सायनसचा संसर्ग डोळ्याभोवती पसरलाय, नजर शाबूत आहे. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. आता गावाला काय बोलायचं ते बोलू दे. मी ऐकायला तिथे नाही.

१० डिसेंबर
डोळा उघडला. उघडल्या उघडल्या खारी मागितली. मी रडले.

११ डिसेंबर
सासूबाई आल्या. दवाखान्याच्या फाटकाबाहेरच उभ्या, आत येईनात. मी भांडायच्या तयारीनेच खाली उतरले. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माजा पयला, धोंडू. त्याचा पन आसाच डोळा. म्हाडला घेऊन आलू, परत आलं ते मढंच, झोळीतून." हे नाव आमच्या घरात कधीच कुणी घेतलं नव्हतं. मग विचारलं, "ऋत्विकचा खरंच उघडला का गो?"