डुगडुगत्या खुर्चीची परीक्षा

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, प्रत्यक्षात गुडघे अर्ध्यातूनच परत फिरतात).

आधी हिशेब मांडतो, म्हणजे पुढचं वाचताना तुला धक्का बसणार नाही. तुझ्या भाचीच्या प्रवेश परीक्षेची आजवरची खरी किंमत अशी: जेवणाच्या टेबलाभोवतीच्या यच्चयावत खुर्च्यांचा प्रत्येकी एक पाय, वकीलसाहेबांसारखं जुनं गिऱ्हाईक, माझ्या मेहुण्याचं माकडहाड, आणि तुझ्या भावजयीचं माझ्याशी बोलणं. (हे शेवटचं थोडंफार परत मिळालंय. ‘चहा ठेवलाय’ इथपर्यंत आलो आहोत.) शिकवणीची फी मी यात धरलेलीच नाही. पैसा काय, येतो नि जातो. खुर्चीचा पाय एकदा कापला की गेला.

तू कशी आहेस? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुला सगळं लख्ख दिसायला लागलंय आणि त्यामुळे भावोजींची पंचाईत झालीय, असं कळलं. त्यांना म्हणावं, धीर धरा. आमच्या घरात तर ऑपरेशन न करताच सगळ्यांना माझे दोष लख्ख दिसतात. तुमच्या दिवाणाची गादी बसली असेल तर कळव, नवा फोम पाठवतो. आणि फोन न करता पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, सगळे खुशाल आहेत. फोनवर बोलायचं तर इथे चार कान टवकारलेले असतात, आणि ही हकिगत मुळापासून सांगितल्याशिवाय तुला माझी बाजू कळायची नाही. (सध्या मला माझी बाजू घेणारं एक माणूस हवंय. घरात ती जागा रिकामी आहे.)

माझा धंदा तुला ठाऊक आहे. लोकांचे सोफे उसवायचे आणि पुन्हा शिवायचे. सोफा कारखान्यात आणता आला तर उत्तम, नाहीतर त्यांच्याच दिवाणखान्यात सोफ्यामागे उकिडवं बसून काम उरकायचं. आणि सोफ्यामागे बसलेला माणूस घरच्यांना थोड्याच वेळात दिसेनासा होतो, हे या धंद्याचं मर्म आहे. त्या जागेवरून मी लग्नं जुळताना ऐकलीत, वाटण्या फिसकटताना ऐकल्यात, आणि ‘सोफेवाल्याला निम्म्यावर आणू’ हेही ऐकलंय (तिथे मी भाव आधीच दुप्पट सांगून ठेवला). कापसाची पोती वाहणारा पोरगा कारखान्याचा मालक झाला तो हातांच्या जोरावर नव्हे ताई, कानांच्या. भिंतीपलीकडची कुजबुज मला ऐकू येते, आणि माझ्या कानांवर पडलेली बातमी कधी खोटी ठरत नाही, हे मी चारचौघांत छाती काढून सांगत आलोय. तुलाही सांगितलंय. तू तेव्हा ‘हं’ म्हणाली होतीस.

तर या कानांनीच घात केला. गावाबाहेर टेकाडावर एक शाळा आहे. सरकारची नाही, कुणाच्या अनुदानावर नाही, पाचवी झालेल्या मुलांची स्वतःच परीक्षा घेते आणि घ्यायची त्यांना घेते. मुख्याध्यापिकाबाईंच्या भेटीच्या खोलीतले सोफे बदलायला मी गेल्या वर्षी तिथे गेलो होतो (मागच्या जिन्याने, हत्यारांची पिशवी घेऊन). सोफ्यामागे खिळे उपटत असताना शेजारच्या वर्गातून एका मुलीचा आवाज आला. आपल्या भिंगरीएवढीच असेल. ती शिक्षकांना शांतपणे म्हणाली की मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते तिने सांगितलं. मला वाटलं, आता पट्टी वाजणार. तर ते गृहस्थ म्हणाले, बरोबर आहे तुझं. ताई, माझ्या हातातला खिळा खाली पडला. आपल्या शाळेत कुणी असं तोंड उघडलं असतं तर त्याचं काय झालं असतं हे मी तुला सांगायला नको. मी तर उघडलंच होतं आणि त्यानंतर मी कापसाच्या पोत्यांकडे वळलो. त्याच दिवशी मी ठरवलं, भिंगरी इथेच शिकणार. घरी आल्या आल्या जाहीर केलं. तुझी भावजय म्हणाली, ‘‘तिला विचारलंत?’’ मी म्हटलं, त्यात काय विचारायचं?

मग शिकवणी आली. शिकवणीचे सर गळ्यात घड्याळ अडकवून फिरतात आणि मुलांनी जांभई दिली तरी वेळ मोजतात, म्हणून आम्ही त्यांना ‘गजरसर’ म्हणतो. ते भाषा आणि गणित शिकवतात ते समजण्यासारखं आहे, पण त्यांच्याकडे ‘बुद्धिमापन’ नावाचा एक विषय आहे. त्यात असं असतं: एका सोफ्यावर सहा माणसं ओळीने बसली आहेत, डॉक्टर शिंप्याच्या डावीकडे आहे, सुताराच्या शेजारी कुणी बसायला तयार नाही, तर टोकाला कोण? मी सरांना नम्रपणे विचारलं की हा सोफा कुणी बनवलाय. एका सोफ्यावर सहा जाणती माणसं! मधला आधार पहिल्या आठवड्यात मोडेल. सर म्हणाले, प्रश्न सोफ्याचा नाही. मी म्हटलं, सोफ्यावर बसवल्यावर सोफ्याचाच आहे. तेव्हापासून सरांनी पालकांना वर्गाबाहेर जिन्यात बसायला सांगितलं. (सगळ्या पालकांना. म्हणजे माझ्यामुळे सगळ्यांना. ते मला पुढेही ऐकवण्यात आलं.)

आता हा जिनाच सगळ्या अनर्थाचं मूळ. तिथे रोज संध्याकाळी पालकांची पंगत बसायची आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या पोटातलं काढायला टपलेला. एक बँकवाले होते, ते ‘आमचा काही अभ्यास करत नाही हो’ एवढंच बोलायचे आणि पिशवीतून जाड जाड पुस्तकं डोकवायची. एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, त्या प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत तशाच तोंडाकडे पाहत राहायच्या. सगळ्यांना वाटायचं, हा सोफेवाला शाळेत जाऊन आलाय, याला आतलं ठाऊक असणार. मला आतलं काय ठाऊक? तिथल्या सोफ्यांत काथ्या भरलाय एवढंच. पण डॉक्टरीणबाई तोंडाकडे बघायला लागल्या की माणूस काहीतरी बोलतोच. मी आवाज खाली आणून सांगितलं, कुणाला बोलू नका, पण मुलाखतीच्या खोलीत मुद्दाम एक डुगडुगती खुर्ची ठेवलेली असते. मुलाला तिच्यावर बसवतात आणि ते काय करतं ते बघतात.

थाप ताई, शुद्ध थाप. माझ्या तोंडून दुसरं काय निघणार, खुर्चीच निघणार. म्हटलं, बसू देत यांना डुलत, तोवर आपली पोर चार गणितं जास्त करील. भिंगरी नेमकी तेव्हा वर्गातून बाहेर आली होती. तिने माझी बाही ओढली आणि काहीतरी बोलायला लागली. मी म्हटलं, मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये.

पुढे काही आठवड्यांनी वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात सोफ्याचं अस्तर बदलत होतो. वकीलीणबाई फोनवर बहिणीला सांगत होत्या, आतल्या गोटातली बातमी आहे, त्या शाळेत डुगडुगती खुर्ची ठेवतात. रडणाऱ्याला शून्य, उठून दुसरी खुर्ची मागणाऱ्याला निम्मे, आणि जो कागदाची घडी करून पायाखाली सरकवतो नि काही न बोलता बसतो, त्याला पैकीच्या पैकी. नंतर हेच मी कापडाच्या दुकानात ऐकलं. मग केस कापताना ऐकलं, आणि तिथे तर सांगणाऱ्याचा मावसभाऊ म्हणे त्या शाळेच्या कचेरीतच होता. आता तूच सांग, तीन ठिकाणांहून आलेली बातमी, तीही गुणांसकट! मला माझी थाप आठवत होती की. पण मी असा विचार केला, की आपण सहज बोललो आणि नेमकं खरं निघालं. काय आपली नजर! नुसत्या सोफ्यांवरून माणसांच्या मनातलं ओळखलं! ताई, हसू नकोस. स्वतःच्या हुशारीचा पुरावा समोर आला की कुठला शहाणा त्याची उलटतपासणी घेतो?

त्या दिवसापासून गणितं मागे पडली. मी जेवणाच्या खुर्च्यांचा एकेक पाय खालून किंचित कापला (प्रत्येकीचा वेगळा, खरी खुर्ची कुठल्या पायावर डुगडुगेल याचा काय नेम?). भिंगरीने आत यायचं, नमस्कार करायचा, बसायचं, डुगडुग ओळखायची, कपाळाला आठी पडू द्यायची नाही, उठायचं, कागदाची घडी घालायची, पायाखाली सारायची, पुन्हा बसायचं, हसायचं. जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘‘पण बाबा, हे तर तुम्हीच त्या दिवशी...’’ मी म्हटलं, आधी घडी घाल. घरात ताटातली आमटी स्थिर राहीना. तुझी भावजय उभ्याने जेवायला लागली. अशातच एका रविवारी मेहुणा आला. त्याचं वजन तुला माहीत आहे. तो ऐसपैस बसला, खुर्ची डुगडुगली, त्याने कागदाची घडी घालायच्या ऐवजी टेबल धरलं, आणि टेबलासकट आडवा झाला. भिंगरी पळत आली आणि सवयीने म्हणाली, ‘‘मामा, तुम्हाला शून्य.’’

लेखी परीक्षा ती पास झाली, गणितं मागे पडूनही. मुलाखतीच्या दिवशी व्हरांड्यात पाहतो तर जिन्यावरची सगळी पंगत हजर, आणि झाडून प्रत्येक मुलाच्या खिशात पुठ्ठ्याची घडी. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तर लाकडाच्या पाचरी करून आणल्या होत्या, लहान-मोठ्या, डबीत घालून. वकीलसाहेबांचा मुलगाही आला होता, तो आधी आत गेला. दार पुरतं लागत नव्हतं, आणि माझे कान तुला माहीत आहेत. आत खुर्ची सरकल्याचा आवाज, मग मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, ‘‘बाळ, तू खाली काय शोधतोयस?’’ खुर्ची भक्कम होती ताई. चारी पाय जमिनीवर, गवंड्याने बसवल्यासारखे. पोरगा डुगडुग सापडेना म्हणून खुर्ची उलटी करून बघत होता. पुढची मुलगी रडली, की माझी खुर्ची हलतच नाही. बँकवाल्यांचा मुलगा जास्त तयारीचा. त्याने पुठ्ठ्याची घडी सरकवून चांगली खुर्ची डुगडुगती केली, मग ती घडी काढली आणि शाबासकीसाठी वर बघितलं.

भिंगरी आत गेली. मी डोळे मिटून घेतले. पण खुर्चीचा आवाजच झाला नाही. ती सरळ बसली आणि विचारलं त्याची उत्तरं द्यायला लागली. शेवटी बाईंनी थकल्या आवाजात विचारलं, की बाकीची मुलं आज खुर्चीखाली का जात होती, तुला काही माहीत आहे का? त्यावर माझी लेक, जिला मी मधे बोलू नये असं शिकवलंय, ती मधे कुठेही न थांबता बोलली. जिना, डॉक्टरीणबाई, थाप, कापलेले पाय, मामाचं शून्य, सगळं. मग मला आत बोलावलं. मी गेलो आणि बसायच्या आधी हाताने खुर्ची हलवून बघितली. सवय, ताई, धंद्याची सवय! बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘‘अच्छा, तुम्हीच का ते.’’

हे सगळं दाराबाहेर ऐकू गेलं असणार, कारण मी बाहेर आलो तेव्हा जिन्यावरची एकजात सगळी मंडळी माझ्याकडे पाठ करून उभी होती. वकीलसाहेबांचा आणखी एक सोफा माझ्याकडे अर्धा शिवून पडला होता, तो त्यांनी तसाच दुसऱ्या कारागिराकडे हलवला.

आणि तरी ताई, काल शाळेतून कळवलं, भिंगरीला जागा दिली आहे. तिचं नाव काढून बाईंनी म्हणे शिक्षकांना सांगितलं, हीच एक खुर्चीवर बसली. मी पेढ्यांच्या बाता मारत घरात नाचत आलो आणि म्हटलं, मग? टेकाडावर कधीपासून जायचं? ती म्हणाली, ‘‘मला काय वाटतं ते मी सांगितलंय तुम्हाला. दोनदा.’’ मी म्हटलं, कधी? ‘‘एकदा जिन्यावरून घरी येताना, आणि एकदा तुम्ही पाय कापत होतात तेव्हा.’’ करवतीचा आवाज, गं! म्हटलं, पुन्हा सांग. तर म्हणते, ‘‘तिसऱ्यांदा सांगणार नाही.’’ तुझ्या भावजयीला विचारलं तर ती म्हणाली, चहा ठेवलाय.

भावोजींना नमस्कार सांग. प्रकृतीला जप, डोळ्यांत थेंब वेळेवर घाल, आणि सगळं लख्ख दिसतंय म्हणून सगळं बोलून दाखवू नकोस.

तुझा,
धाकटा

ता.क. हे पत्र टपालाने न पाठवता मेहुण्याच्या हाती देतोय, तो तुमच्याच बाजूला निघालाय. त्याला मऊ आसन दे आणि खुर्च्यांचा विषय काढू नकोस.

ता.क. पत्र लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. भिंगरी दर रविवारी तुझ्याशी फोनवर तासभर बोलते. ती तुला नक्की म्हणाली असेल. तिला त्या शाळेत जायचंय की नाही? शनिवारच्या आत मला शाळेला होय की नाही कळवायचंय. जायचं म्हणाली असेल तर कारखान्याच्या नंबरवर फोन कर. नाही म्हणाली असेल तर (मी हे वाक्य दोनदा खोडलं) तरीही कर. पण काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांग, तुझी भर घालू नकोस.

ता.क. तू म्हणशील, एवढं लांबण लावण्यापेक्षा तिलाच आणखी एकदा का विचारत नाहीस? विचारायला काही लांब जायचं नाही. हे लिहितोय तेव्हा ती पलीकडच्याच खोलीत बसून आईशी बोलतेय, आणि दार उघडं आहे.