लग्नाची साक्षीदार

रिंटेल्न,
१२ फेब्रुवारी १९८९

प्रिय आल्मुट,

नमस्कार. तुमचं पत्र आणि आईसाठी पाठवलेलं पुष्पचक्र, दोन्ही पोचलं. जमीन इतकी गोठली होती की कबर खणायला यंत्र आणावं लागलं. माणसं फारशी आली नाहीत. आमच्याकडे येत नाहीत. माझा गुडघा आता बरा आहे. तुमच्या औषधाच्या दुकानातलं मलम लागू पडलं.

लग्न मे महिन्यात ठरल्याचं कळलं. तुरुंगातल्या त्या समारंभाला साक्षीदार म्हणून मी यावं, अशी तुमची इच्छा. लिहिलंयत, "ताई, एकहार्टला तुमच्याशिवाय आहे कोण?" माझ्या भावाच्या लहानपणच्या आठवणीही विचारल्यात. त्याला वाटाण्याचं सूप आवडायचं, आणि सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर बटाट्याची धिरडी. जनावरांवर त्याने कधी हात उगारला नाही. अंड्यांची गाडी घेऊन गावोगाव फिरायचा तेव्हा म्हाताऱ्या बायकांच्या पिशव्या घरात नेऊन ठेवायचा. खटल्यात त्या बायकांनी हेच सांगितलं. ते खरं होतं.

ऑक्टोबरात माझ्याकडे आलात तेव्हा आलुबुखाराचा केक खाता खाता तुम्ही म्हणालात, "तो तेव्हा आजारी होता, ताई. तो माणूस आता उरलाच नाही. मला त्याने सगळं सांगितलंय." मी तुमच्या कपात कॉफी ओतत राहिले.

सगळं म्हणजे किती, ते मला माहीत नाही. मार्लीस, एड्डा आणि युट्टा यांची नावं त्याने घेतली का? बाहेर पाऊस असायचा, बस चुकलेली असायची आणि गाडीवर ओळखीच्या कोंबडीफार्मचं नाव असायचं. म्हणून त्या बसल्या. तिघीही सोलिंगच्या जंगलात सापडल्या, गळा आवळलेल्या. चौथी मुलगी रेल्वे फाटकाशी दार उघडून पळाली आणि फाटकवाल्याच्या खोलीत शिरली, म्हणून तो पकडला गेला. जन्मठेप सुनावली तेव्हा त्याने न्यायाधीशांना मान लववली, मग वळून आमच्याकडे पाहून हसला. आईला वाटलं, तिच्याकडेच पाहून.

तुमच्या पत्रासोबत तुम्ही तुमचा नवा फोटो पाठवलात. दोन वेण्या घातल्यात. मागे लिहिलंय, "या वयात बरं दिसत नाही, पण त्याला हौस." 

न्यायालयात त्या तिघींचे फोटो लावले होते. तिघींनाही दोन वेण्या. शेजारी बसलेली वार्ताहर बाई एकदा फोटोंकडे पाहायची, एकदा माझ्याकडे. माझे केस तेव्हा आखूड होते, तरीही.

मी अकरा वर्षांची होते, तो पंधराचा. आम्ही तळघरात बटाटे आणायला गेलो होतो. त्याने माझी वेणी माझ्याच गळ्याभोवती गुंडाळली आणि ओढली. तो रागावला नव्हता. माझा चेहरा नीट दिसावा म्हणून आधी दिवा जवळ घेतला होता. वरून आईने जेवायला हाक मारली तेव्हा त्याने सोडलं. "चल, सूप गार होईल," म्हणाला. आईने माझा गळा पाहिला. त्याला सूप वाढलं. जेवणं झाल्यावर कात्री आणली आणि माझ्या वेण्या कापून शेगडीत टाकल्या.

खटल्यात हे मला कुणी विचारलं नाही. आई रोज माझा हात धरून बसायची, अगदी घट्ट. ती होती तोवर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. आता ती नाही.

पंधरा वर्षं झाली की सुटकेचा अर्ज करता येतो. बाहेर होणारी बायको आहे, घर आहे, याला तिथे किंमत असते. हे त्याच्या वकिलांनी तुम्हाला सांगितलंच असेल. सुटल्यावर रिंटेल्नमध्येच जागा बघायची असं तो म्हणतो, हे तुम्ही किती आनंदाने लिहिलंत. आल्मुट, मी नवऱ्याचं आडनाव लावते. दोनदा गाव बदललं. माझा पत्ता आईनेसुद्धा त्याला कधी दिला नव्हता.

मंगळवारी त्याचं कार्ड आलं. त्यावर एवढंच होतं: "आल्मुट सांगते, तुझ्या स्वयंपाकघरातून नदी दिसते. बरं झालं."

तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही चांगल्या मनानेच सांगितलं असणार. तो असंच विचारतो, बोलता बोलता, सहज.

लग्नाला मी येणार नाही. एप्रिलमध्ये सुटकेच्या अर्जाची सुनावणी आहे, तिथे मात्र येणार आहे. सरकारी वकीलबाईंना फोन करून तळघरातलं सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्याच्यासमोर उभं राहून बोलायला जमेल तुम्हाला?" जमेल म्हटलं. 

तुम्ही त्याच्या बाजूने येऊन बसाल. बसा. एकच विनंती आहे. मी तळघराचं सांगत असेन तेव्हा माझ्याकडे पाहू नका. त्याच्या चेहऱ्याकडे पाहा.

तुम्ही जगावं असं मनापासून वाटणारी,
रोस्विता