आधी हात दाखव

शास्त्रीबुवा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक तक्रार करायचीच आहे. तुमच्यामुळे मला चारचौघांत धड प्रसाद घेता येत नाही. कोणी हात पुढे केला की मी आधी त्याचा तळहात न्याहाळतो, खोबरं-साखर नंतर. मागे एकदा बाजारात चारोळी विकणारी म्हातारी म्हणाली, "काऊन गुरुजी, माया हात पाहून राह्यले? भविष्य सांगता का?" मी म्हटलं, "उज्ज्वल आहे." मापात मात्र तिने चिमूटभरही जास्त घातलं नाही.

ही खोड तुमची. चांद्यात देवींची साथ होती, तेव्हा पाठशाळेच्या दारात तुम्ही उभे आहात, चेहऱ्यावर लहानपणच्या देवींचे वण, आणि आम्ही एकेक जण तळहात पसरतो आहोत, मग पाय उचलून तळवे. आम्हाला वाटायचं, चोरलेल्या चिंचांचा माग काढताय. मी एकदा कंटाळून विचारलं, "पाठ केव्हा सुरू व्हायचा?" तुम्ही माझा कान धरलात. "सरस्वती थांबते रे. ही थांबत नाही. कांजण्या पोटापाठीवर दाटतात, देवी हातापायांवर. आधी हात दाखव." माझ्या शेजारी बसणाऱ्याच्या तळव्यांवर त्या दिवशी डाळीएवढे टणक दाणे होते. तुम्ही त्याला स्वतः घरी पोचवून आलात. तो पुन्हा पाठशाळेत आला नाही आणि तुम्हीही त्याचं नाव काढलं नाहीत.

आता मी गडचिरोलीकडच्या एका जंगलातल्या गावात मास्तर आहे. शेजारच्या पोराला देवी आल्या. इथे त्याला दुखणं म्हणत नाहीत, 'माय आली' म्हणतात. दाराला कडुनिंबाचे डहाळे, घरात फोडणी बंद, आणि आल्यागेल्याने पोराच्या पायांवर डोकं ठेवायचं, कारण त्या घटकेला ते पोर नसतं, देवीच असते. पाय फोडांनी भरलेले. माझी धाकटी लेक रोज आईबरोबर गेली. मी अडवलं तर शेजारीण दारात येऊन म्हणाली, "गुरुजी, माय घरी आली हाय. पोरीले पाया पडू द्या, नाई तं कोपन." बायकोनेही मला दटावलं, "तुमचं शास्त्र शाळेत ठेवा. शेजारी रोज तोंड दाखवायचं हाय." मी श्लोकांवर श्लोक म्हटले. आमच्या गल्लीत संस्कृत कळणारा मी एकटाच, त्यामुळे वाद मीच जिंकलो आणि त्या दोघी पोरीला घेऊन गेल्या.

दोन आठवडे होत आले. शेजारचं पोर परवा गेलं. काल संध्याकाळपासून माझ्या लेकीला ताप आहे. कंबर दुखते म्हणते. एवढ्याशा पोरीची कंबर कशाने दुखावी? तिच्या दंडावर देवीची लस टोचल्याचा वण शोधला. आहे, पण इतका पुसट, की मी उजेडात नेऊन पाहिला; लस धरली होती की नाही, कोण जाणे. टोचणारा नदीपलीकडच्या गावांत फिरतो आहे, त्याला निरोप धाडला आहे. सकाळपासून तिचे तळहात पाहतोय. अजून स्वच्छ आहेत. मघाशी कंटाळून म्हणाली, "बाबा, आता किती डाव पाहता? धुतले न मी."

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू, ते तुम्ही शिकवलं नाहीत. राहू दे. उद्या उजाडल्यावर तिला हात दाखव म्हणायची मला हिंमत होणार नाही.