बाटलीतला ऊस

कागल, ४ जून २०२३

चि. मृत्युंजय यास चन्नाक्काचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व खुशाल. फोनवर तू बोलतोस आणि मला कानातल्या यंत्राची शिट्टीच तेवढी ऐकू येते, म्हणून पत्र. उत्तर तुझ्या बायकोच्या, सुष्मिताच्या हातून लिहून घे, तुझं कोंबडीच्या पायाचं अक्षर मला लागत नाही.

विहिरीच्या बांधावरच्या अप्पांच्या उसाला रोग लागलाय. तू लहान होतास तेव्हाची त्या उसाची गोष्ट. सगळा फड एकसारखा आणि मधेच एक बेट लालसर, जाड कांड्यांचं उठलं होतं. अप्पांनी ते वेगळं लावलं, वाढवलं, आणि चाळीस वर्षं घरचा गूळ त्याचाच. आता जिकडेतिकडे कारखान्याचे नवे वाण. आपली तीनच बेटं राहिलीत, त्यांच्या पानांवर पिवळे पट्टे आलेत. आमचा पोरगा राजशेखर म्हणतो, अव्वा, जुनं हाय, जाऊ दे की. कसं जाऊ देऊ? बापाच्या हातचं दुसरं काय उरलंय आपल्याकडे? तू एवढा शिकलास, सख्ख्या बहिणीला एकदा तरी उपयोग होऊ दे.

तुझी आक्का

पुणे, १३ जून २०२३

तीर्थस्वरूप आक्कास मृत्युंजयचे नमस्कार व शरणार्थी, वि. वि.

पत्र पोचलं, टोमणेही पोचले. सुष्मिता नकार देते, म्हणून माझंच अक्षर सोस.

ते पट्टे विषाणूचे. त्यावर औषध नाही. पण शेंड्याच्या अगदी आतला कोंब इतक्या वेगानं वाढतो की विषाणू बहुधा तिथवर पोचलेला नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पान सोलत गेलं की शेवटी मोहरीहून लहान, काचेसारखा टिपूस राहतो. तो अर्धा मिलिमीटर कापून बाटलीतल्या खाद्यावर ठेवायचा. त्याचा अख्खा ऊस होतो! वीस वर्षं प्रयोगशाळेत हेच करतोय, तरी दर वेळी क्षणभर हात थांबतो.

तीसेक शेंडे पाठव. आणि रोगट बेट शेतात ठेवू नये, मावा ही कीड तो रोग बाकीच्या उसात नेते. उपटून जाळायचं असतं.

लोभ आहेच, ओरडा कमी असावा.

तुझा मृत्युंजय

कागल, २५ जून २०२३

चि. मृत्युंजय यास आशीर्वाद.

शेंडे राजशेखरबरोबर एसटीनं धाडले, एव्हाना मिळाले असतील. तुझं पत्र मी चारदा वाचलं. मोहरीएवढ्यात अख्खा ऊस! भाकरी थापताना तेच डोक्यात, दोन करपल्या. शेजारच्या विद्याश्रीला सांगितलं तर ती म्हणाली, काकू, भाऊ थापा मारतोय तुमचा. तिच्याशी कडाक्याचं भांडले.

लावणीआधी कांड्यांना करतो तसं शेंड्यांनाही केलं. दिवसभर जीवामृतात बुडवून ठेवले. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधाची माती, सगळं ताजं. आपल्याकडून काही कमी पडायला नको. आणि तू लिहिलंस तशी तिन्ही बेटं मुळासकट काढून जाळली. डोळ्यांना धार लागली होती, पण तुझ्या शिक्षणापुढे माझं काय चालणार?

आक्का

पुणे, १० जुलै २०२३

तीर्थस्वरूप आक्कास शरणार्थी.

कसं लिहू कळत नाही. तीसपैकी एकोणतीस बाटल्या गेल्या. जीवामृतात कोट्यवधी जिवाणू असतात. शेतात ते सोनं, पण आमच्या बाटलीत साखर असते, तिच्यावर ते तीन दिवसांत दुधासारखे पसरले. शेंड्यांच्या कापलेल्या तोंडांनी ते पिऊन घेतलं होतं, वरून कितीही धुतलं तरी आतलं निघेना.

नवे शेंडे मागवायला पेन उचललं आणि बेटं जाळल्याचं आठवलं. तुझ्यावर फार चिडलो. मग लक्षात आलं, जाळ म्हणून मीच लिहिलं होतं, कधी ते लिहिलं नव्हतं. आता अप्पांचा ऊस पृथ्वीवर फक्त एका बाटलीत आहे. ती स्वच्छ आहे, पण कोंब तपकिरी पडतोय. आशा ठेव असं लिहायचं धाडस होत नाही.

मृत्युंजय

कागल, १७ जुलै २०२३

चि. मृत्युंजय,

चूक अर्धी तुझी, अर्धी माझी. वाटणी झाली, विषय संपला. अन्न गोड लागत नाही, बांधाकडे जाववत नाही. खोटा धीर देऊ नकोस, असेल ते कळव. आणि ती बाटली दुसऱ्या कुणावर सोपवू नकोस, तूच बघ.

आक्का

पुणे, ३ फेब्रुवारी २०२४

तीर्थस्वरूप आक्कास मृत्युंजयचे शरणार्थी, वि. वि.

कोंब हिरवा झाला एवढी एकच ओळ तुला ऑगस्टात पाठवली. जास्त लिहायची भीती वाटत होती. आता लिहितो. तपकिरी पडला की ताज्या खाद्यावर हलवायचा, असं करत तो तगला. एकाचे पाच झाले, पाचांचे तीस, आज नऊशे आहेत. दोनदा तपासले, विषाणूचा मागमूस नाही.

आक्का, काल त्या बाटल्यांपुढे उभा होतो. जे प्रयोगशाळेतल्या मुलांना दरवर्षी शिकवतो, ते काल मला पहिल्यांदा कळलं. आपण उसाची कांडी लावतो तेव्हा नवा ऊस जन्माला येत नाही, जुनाच पुढे वाढत राहतो. बाटलीतही तसंच. अप्पांनी त्या दिवशी फडात ज्या बेटाला हात लावला, हे त्याचं मूल नाही, नातवंड नाही. ते तेच आहे. मी तिथंच हात जोडले. शिपाई ज्ञानू विचारत होता, साहेब, काय झालं?

रोपं प्लास्टिकच्या कपांत वाढवून जुलैत पाठवतो.

तुझा मृत्युंजय

कागल, २४ जुलै २०२४

चि. मृत्युंजय यास उदंड आशीर्वाद, वि. वि.

रोपं सुखरूप पोचली. चष्मा लावून प्रत्येक पान पाहिलं, एकावरही पट्टा नाही. विद्याश्री येऊन बघत बसली, थापांचं नाव काढलं नाही.

काल शंभर लावली. ऊस लावताना चिखलात ठेवायचा आणि पायानं दाबायचा, ही आपली रीत. पन्नास वर्षं मी तशीच लावण केली. काल पहिलं रोप सरीत ठेवलं, पाय उचलला आणि तो खाली येईना. अप्पांनी हात लावला ते हेच, त्यावर पाय कसा देऊ रे? चिखलात गुडघे टेकले आणि हातानं दाबत सुटले. राजशेखर ओरडला, अव्वा, गुडघं जातील, पायानं दाब की. कमरेला खोचलेलं तुझं फेब्रुवारीचं पत्र काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उभ्यानं वाचलं, परत एकदा वाचलं. मग चप्पल बांधावर काढली आणि शेजारच्या सरीत गुडघ्यावर बसला.

तुम्हा दोघांवर जीव आहे, तो तसाच राहील.

तुझी आक्का