बंटीला झेंडू सोसत नाही

मखमलाबाद

प्रिय सावित्री आत्या,

नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? काकांची रात्रपाळी संपली का? इकडे सगळे बरे आहेत, बंटी सोडून. फोनच करणार होते, पण आई म्हणते, फोनवर माणूस घाईत हो म्हणतं आणि मग विसरतं.

बाजारात न खपलेला झेंडू परत येतो, त्याचा पडवीत ढीग होतो आणि बंटी त्यात झोपतो. सकाळी धुकं असतं. त्याचं फक्त नाक दिसतं, बाकी सगळं पिवळं. वाटतं, ढीगच श्वास घेतोय. स्वप्नात तो पळतो, तेव्हा पाकळ्या हलतात. चहा गार होईपर्यंत मी बघत बसते. (आईच्या मते स्थळं परत जातात ती यामुळेच.)

दिवाळीनंतर तो खाजवायला लागला. आईने नजर काढली. मग त्याचं तोंड सुजलं. झेंडू थंड असतो म्हणून आईने त्याच्याखाली आणखी पाटीभर फुलं पसरली. तोंड आणखी सुजलं.

पंचवटीच्या प्राण्यांच्या दवाखान्यात मुलीने पुकारलं, "बंटी पिंगळेंचे पालक?" बाबांनी मागे वळून पाहिलं. आई म्हणाली, "उठा. पोरीच्या शाळेत कधी गेला नाहीत, इथे तरी व्हा पालक." इंजेक्शन, रक्ततपासणी, औषधी शाम्पू, पिशवीतलं खास खाणं. बिल पाहून बाबांनी चष्मा पुसला. आकडा तोच राहिला.

"एवढ्या पैशांत माणूस बरा होतो, बाई," बाबा म्हणाले.

"माणूस सांगतो कुठे खाजतंय ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरात काही नवीन आलंय का, असंही त्यांनी विचारलं. आम्ही नाही म्हणालो. खरंच होतं. झेंडू आजोबांपासून आहे.

पुढच्या खेपेला बाबांनी त्यांच्यासाठी झेंडूचा हार नेला. (फुलवाल्याने कुठे रिकाम्या हाताने जाऊ नये.) टेबलावर बंटी, शेजारी हार. बघता बघता त्याचे डोळे मिटत गेले, गाल फुगले. डॉक्टरीणबाई एकदा हाराकडे बघत होत्या, एकदा बाबांकडे. मग आणखी एक इंजेक्शन, आणखी एक बिल.

आता आई म्हणते, झेंडू तरी राहील नाहीतर कुत्रं तरी, आणि कुत्र्यावर घर चालत नाही. तुमच्या अंबडला फुलं नाहीत. बंटीला कायमचा ठेवून घेशील का? तो शहाणा आहे. भुंकतो, पण विचार करून.

तुझी,
तेजल

ता. क. वरचं पत्र आईला वाचून दाखवलं. हे पुढचं गोठ्यामागे बसून लिहितेय. आत्या, नाही म्हण. सोसायटी कुत्रं ठेवू देत नाही म्हण, काहीही म्हण. माझ्या शिवणकामाच्या पैशांतून मी औषधं आणीन.

ता. क. सावित्री, पोरीने पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. चिकटवलेलं नव्हतं. नाहीच म्हण. आणि जरा कडक शब्दांत लिही, तुझ्या वहिनीला मऊ नकार कळत नाही. घरापुढचा झेंडू उपटून मी निशिगंध लावतोय. तिला सांगितलंय, भाव चांगला आहे. — दादा