अकराव्या प्रश्नातली जोडीण

लिंबायत, सुरत
९ जानेवारी १९९७

चि. प्राजक्ता हिस, अनुसयाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे काल रात्रभर मी जागी होते आणि ते तुझ्यामुळे.

काल आमच्या कारखान्यात, साड्यांच्या घड्या घालतो तिथे, दोन मुली छापील फॉर्म घेऊन आल्या. बायकांच्या तब्येतीची पाहणी आहे म्हणाल्या. भाईदास शेठ गादीवर बसून सगळं ऐकत होते. फॉर्मच्या मागे वडोदऱ्याचा पत्ता आणि तुझं नाव. मी म्हटलं, वा, भाचीने नाव काढलं. मग वाचत वाचत अकराव्या प्रश्नाशी आले. तुम्हाला जोडीण आहे का, किती वर्षांपासून. बारावा, ती तुमच्याच घरात राहते का.

साडीचं दुसरं टोक शोभाबाईच्या हातात होतं. तिने ते सोडलं. बारा वर्षांत तिच्या हातून साडी सुटलेली मी पाहिली नाही.

मी शाळेत गेले नाही, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षरं शिकले, पण प्रश्न आपोआप छापले जात नाहीत एवढं कळतं. तुला कोणी काय सांगितलं? तुझे पप्पा, म्हणजे आमचा प्रभाकर, काही बोलला का? त्याला ठाऊक नसेल आणि हे कळलं तर भाऊबीजेला त्याच्या दारात मला पाय ठेवता येईल का, याचा तू विचार केलास का? शेठला कळलं तर दोघींचं काम जाईल ते वेगळंच. मी फॉर्म कोराच ठेवून घेतलाय.

माया असेल तर खरं लिही.
तुझी आत्या

*

वडोदरा
१४ जानेवारी १९९७

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

सोबत तीळगूळ पाठवलाय, त्यातला मोठा लाडू शोभामावशीचा. गोड बोलावं असं मी तुला सांगणार होते, पण तुझं पत्र वाचून धीर होत नाही.

आत्या, मला कोणी काही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काही आहे का, हेही मी विचारत नाही. ज्या बायकांचा जीव बाईवर जडतो, काहींचा तर पुरुषावर आणि बाईवर दोन्हीकडे, अशांच्या तब्येतीची हेळसांड का होते, हे आम्ही शोधतोय. त्या डॉक्टरकडे काय लपवतात, जायचं का टाळतात. अशा बाईने जिच्याशी संसार मांडला तिला काय म्हणायचं, तो शब्द आमच्याकडे नव्हता. आमच्याबरोबर काम करणारी ज्योती सुरतची, ती म्हणाली, तिकडे जोडीण म्हणतात. आम्ही छापून टाकलं.

तुमच्याकडून चौदा फॉर्म आले. चौदाही जणींना जोडीण आहे. एकीला तर दोन आहेत, सकाळची आणि दुपारची. एकीने लिहिलंय, जोडीण बदलून मिळावी, हिची बाजू सारखी खाली जाते. आमच्या डॉक्टरबाई आकडा बघून हरखल्या. मला मात्र शंका आली की चूक आमची आहे. बाराव्याला तेरा जणींनी नाही लिहिलंय, एकीने हो. ती कोण, हेही मला नको.

फॉर्म छापायच्या आधी तो वाचून आमचे कान धरतील अशा पाच-सहा बायका आम्हाला हव्यात. सल्लागार म्हणून. तू होशील का?

रागाने का होईना, उत्तर धाड.
प्राजक्ता

*

लिंबायत
२ फेब्रुवारी १९९७

चि. प्राजक्ता हिस, आशीर्वाद.

तीळगूळ मिळाला. लाडू शोभाबाईने खाल्ला नाही, हल्ली ती काहीच धड खात नाही. ते तुझ्या फॉर्मात घालू नकोस.

अगं, साडी लांब असते. एक टोक एकीने धरायचं, दुसरं दुसरीने, मग चार पावलं पुढे येऊन टोकाला टोक द्यायचं. जी समोर उभी ती जोडीण. सगळ्या कारखान्यात हाच शब्द. तुम्ही शिकलेल्या बायका, कोणाला न विचारता उचललात. तू तिकडे हसली असशील, मी हसले नाही. त्या शब्दाच्या आडोशाला कोणी निवांत बसलं असेल आणि तुम्ही त्यावरच बॅटरी मारली.

सल्लागार म्हणतेस. म्हणजे नावांची यादी होणार, मीटिंग होणार, फोटो निघणार. आणि तो फोटो कोणाच्या टेबलावर जाणार हे तुलाही माहीत नसणार. तू म्हणशील, फॉर्मवर नाव नाही, नंबर आहे. प्लेगच्या साली घरोघर तपासणीला आले होते. शोभाबाईला नुसती सर्दी होती. मी भोळेपणाने सांगितलं, तर दारावर खडूने नंबर टाकून गेले. खडू मी ओल्या फडक्याने दुसऱ्या दिवशी पुसला. पण नळावरच्या बायका दिवाळीपर्यंत आमच्या बादलीपासून लांब उभ्या राहत होत्या. तोही नंबरच होता, नाव नव्हतं.

तुझ्यावर माझा जीव आहे. तुझ्या फॉर्मवर नाही.
आत्या

*

वडोदरा
१० फेब्रुवारी १९९७

ती. आत्यास, शि. सा. न.

तुझं बरोबर आहे. शेठसमोर असले प्रश्न विचारायलाच नको होते. पाहणी थांबवली आहे. चौदाही फॉर्म सोबत पाठवतेय, आमच्याकडे नक्कल ठेवलेली नाही. तुझ्या हाताने चुलीत घाल, म्हणजे तुझी खात्री पटेल.

शोभामावशीला काय होतंय? हे भाची विचारतेय, दुसरं कोणी नाही.

रागातही मला धरून ठेव.
प्राजक्ता

*

लिंबायत
१९ मार्च १९९७

चि. प्राजक्ता हिस, अनेक आशीर्वाद.

आधी तुझी खरडपट्टी, मग बाकीचं. दुसऱ्या बायकांची उत्तरं तू मला कशी पाठवलीस? त्यांनी ती मला दिली होती का? अक्षर हेही नावच असतं. ज्यांचं त्या मुलींनी लिहून घेतलं त्या सुटल्या. ज्यांनी स्वतः लिहिलं त्या मला सापडल्या. हा माझा पहिला सल्ला समज.

मी न वाचता जाळणार होते. एकेक कागद बंबात घालत होते, तर एकावर पोट फुटलेला श दिसला. मी पुड्यांवरून शिकले तेव्हा माझा श तसाच वेडावाकडा बसला आणि शोभाबाईला मीच शिकवलं, म्हणून तिचाही तसाच. बाराव्याला हो लिहिणारी तीच. सतरावा प्रश्न, डॉक्टरकडे जायचं टाळलं का. तिने लिहिलंय, हो. पाळी जाऊन सहा वर्षं झाली, तरी पाच महिने अंगावर जातंय. घरी सांगितलं नाही, घरची घाबरेल.

घरची म्हणजे मी. एका खोलीत राहून मला ते कागदावरून कळलं. तिला विचारलं तेव्हा कळलं, मागे एका डॉक्टरने मला बाहेर बसवून तिला नवऱ्याबद्दल नको ते विचारलं होतं, तेव्हाच तिने ठरवलं की पुन्हा त्या खुर्चीवर बसायचं नाही.

ओढत नेली. दवाखान्यातल्या नर्सबेनने मला विचारलं, तुम्ही कोण लागता. मी म्हटलं, जोडीण. तिने गुजरातीत बहेन लिहिलं आणि आत सोडलं. मी खोडायला लावलं नाही, मला आत जायचं होतं. तपासणीला तुकडा पाठवला होता. पिशवीत खराबी निघाली, पण पसरलेली नाही. सोमवारी ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून चार महिने गेले असते तर त्यांच्या हातात काही उरलं नसतं.

तुझ्यावरचा संशय गेला असं समजू नकोस. पण ऑपरेशन झालं की मी येईन. फोटो नाही, यादी नाही, आणि प्रभाकरला सांगायचं ते मी सांगेन, माझ्या वेळेला. अकरावा प्रश्न काढा. त्या जागी विचारा, डॉक्टरकडे तुमच्यासोबत कोण येतं आणि तिला आत येऊ देतात का. म्हणजे जिला कळायचं तिला कळेल, आणि शेठने वाचलं तरी त्याला काही सापडणार नाही. फॉर्म सगळे जाळले, निश्चिंत राहा.

माझी आठवण काढत जा, आणि सोमवारी जरा जास्त काढ.
तुझी आत्या

ता. क. प्राजक्ता, मी शोभामावशी. आत्या डाक टाकायला मला देते म्हणून खाली लिहिते. सगळे जळाले नाहीत, माझा मी बंबातून ओढून घेतला. कोपरा काळा झालाय, सोबत ठेवलाय. अकरावा प्रश्न काढायचा तर काढा, पण माझं उत्तर राहू दे.